'शापसंभ्रम'कार गोविंद बल्लाळ देवल

कृष्णाकाठच्या सांगलीस नाट्यपंढरी म्हणण्याचा प्रघात आहे आणि तो सार्थच आहे. 1843 साली विष्णुदास भावे यांनी श्रीमंत चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयाने 'सीतास्वयंवर' या आख्यानाचा खेळ सांगली मुक्कामी केला आणि मराठी नाटकाचा पाया घातला. त्या घटनेच्या स्मरणार्थ 5 नोव्हेंबर हा दिवस मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळला जातो. भाव्यांच्या मागून या भूमीने जो थोर नाटककार महाराष्ट्रास दिला तो म्हणजे कै. गोविंद बल्लाळ देवल. त्यांचे नाव घेताच 'शारदा' आठवते, क्वचित कोणास 'संशयकल्लोळ' आठवते. परंतु 1893 साली त्यांनी बाणभट्टाच्या 'कादंबरी' या संस्कृत गद्यप्रबंधावरून 'शापसंभ्रम' नावाचे संगीत नाटक रचले, याची आठवण त्यांच्या जिल्ह्यातही फारशी कोणास उरलेली दिसत नाही. ज्या ग्रंथाच्या नावावरून मराठीत या साहित्यप्रकारालाच 'कादंबरी' हे नाव पडले, त्याच ग्रंथास गाण्यांसह रंगभूमीवर उभे करण्याचे साहस हरिपूरच्या या गृहस्थाने केले. अलीकडे परदेशांत गाजलेल्या कादंबऱ्यांची संगीत-नाट्ये होतात. फ्रेंच लेखक व्हिक्टर ह्यूगो याच्या 1862 सालच्या 'ले मिझेराब्ल' या कादंबरीचे तसे नाट्य 1980 साली पॅरिसमध्ये झाले आणि पुढे ते जगभर गाजले. त्याचे कौतुक आम्हांसही आहे. परंतु तेच काम आपल्या मुलखातल्या मनुष्याने त्याच्या कितीतरी आधी केले होते, हे यंदाच्या स्मरणिकेच्या वाचकांपुढे मांडावे आणि त्यानिमित्ताने गोविंदरावांच्या चरित्राचे ओझरते दर्शन घडवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

गोविंदरावांचा जन्म 13 नोव्हेंबर 1855 रोजी झाला. सांगलीपासून हाकेच्या अंतरावर असलेले हरिपूर हे त्यांचे गाव. कृष्णा आणि वारणा यांचा संगम, संगमावरील संगमेश्वराचे पुरातन देवालय आणि जमिनीच्या पोटात हळद साठविण्याची पेवे यांमुळे हरिपूर प्रसिद्धीस आले. त्या काळी सांगली हे पटवर्धनांचे संस्थान होते आणि सभोवतालचा पुष्कळसा मुलूख इंग्रजांच्या सातारा जिल्ह्यात मोडत असे. 1949 साली त्या जिल्ह्याचे उत्तर सातारा व दक्षिण सातारा असे दोन भाग झाले आणि दक्षिण साताऱ्याचे 1960 साली सांगली जिल्हा असे नामकरण झाले. म्हणून गोविंदरावांवर सांगलीकरांनी हक्क सांगावा हे रास्तच. पण सातारकरांचाही त्यांत वाटा आहे आणि तो केवळ नकाशापुरता नाही, हे पुढे येईलच.

शिक्षणासाठी ते बेळगावास गेले आणि तेथे त्यांच्या आयुष्याची दिशा ठरून गेली. बेळगावच्या शाळेत बळवंत पांडुरंग तथा अण्णासाहेब किर्लोस्कर हे शिक्षक होते. पुढे संगीत नाटकाचे जनक म्हणून ज्यांचे नाव अमर झाले तेच हे अण्णासाहेब. गोविंदराव त्यांचे विद्यार्थी, आणि पुढे स्वतःही काही काळ बेळगावास शिक्षक. आम्ही उभी हयात फळ्यापुढे घालविली असल्यामुळे या गोष्टीचे आम्हांस विशेष वाटते. संगीत रंगभूमीची पहिली गुरुशिष्यांची जोडी शाळेच्या वर्गातून निघाली. विद्यार्थ्यास समजेल असे बोलावयाचे, अवघड ते सोपे करून सांगावयाचे आणि मागच्या बाकावरच्या मुलापर्यंत शब्द पोहोचवावयाचा, ही जी शिक्षकाची रोजची तपश्चर्या, तीच गोविंदरावांनी नाटकात चालू ठेवली, असे आमचे मत आहे.

अण्णासाहेबांनी 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यास 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आणले. त्यापूर्वीच्या पौराणिक नाटकांत गाण्याचा भार बहुतेक सूत्रधारावर असे आणि पात्रे आयत्या वेळी सुचेल तसे बोलत. अण्णासाहेबांनी पात्रांच्या तोंडी लिहिलेले गद्य आणि त्यांच्याच गळ्यात गाणे घातले. साकी, दिंडी, कीर्तनातील चाली, कर्नाटकातील चाली, स्त्रियांच्या गाण्यांतील चाली अशा घरोघरच्या ओळखीच्या सुरांत त्यांनी पदे बांधली. 1882 साली 'सौभद्र' आले आणि भाऊराव कोल्हटकरांच्या गळ्याने महाराष्ट्र वेडावून गेला. या मंडळीत गोविंदराव वावरत होते, भूमिका करीत होते आणि तालमी घेत होते. पदे कशी बांधावी, गद्यातून पदात केव्हा शिरावे आणि पद संपताच गद्याचा धागा कसा उचलावा, हे शिक्षण त्यांस प्रत्यक्ष गुरूच्या हाताखाली मिळाले.

देवलांच्या घरात संगीताचा ओढा होताच. त्यांचे बंधू कृष्णाजी बल्लाळ देवल हे सरकारी नोकरीत डेप्युटी कलेक्टरच्या हुद्द्यापर्यंत चढले. भारतीय संगीतातील बावीस श्रुतींचे गणित मांडणारा त्यांचा इंग्रजी ग्रंथ 1910 साली प्रसिद्ध झाला. साताऱ्याचे जिल्हा न्यायाधीश क्लेमंट्स यांनी याच विषयाचा ध्यास घेतला होता. या दोघांच्या पुढाकाराने पश्चिम हिंदुस्थानातील संगीताच्या अभ्यासासाठी साताऱ्यास संस्थाही निघाली. एक भाऊ स्वरांमधील अंतरे मोजीत बसला आणि दुसऱ्याने तेच स्वर चार आण्यांच्या प्रेक्षकाच्या ओठांवर नेऊन ठेविले!

साताऱ्याचा दुसरा धागा गद्य रंगभूमीचा. सातारा शहराचे जुने नाव शाहूनगर. त्यावरून नाव घेतलेली 'शाहूनगरवासी नाटक मंडळी' 1881 साली निघाली. गणपतराव जोशी हे या मंडळीचे नटश्रेष्ठ. गोविंदरावांनी शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'चे 'झुंझारराव' हे जे मराठी रूपांतर 1890 साली केले, त्यातील नायकाची भूमिका गणपतरावांनी अजरामर केली. त्यापूर्वी गोविंदराव पुण्याच्या आर्योद्धारक नाटक मंडळीतही होते. ती गद्य नाटके करणारी मंडळी होती. म्हणजे एका पायाने ते संगीत नाटकात आणि दुसऱ्या पायाने गद्य नाटकात उभे होते. त्यांच्या संगीत नाटकांतील गद्यास जो भक्कमपणा आहे, तो या दुहेरी उमेदवारीतून आला असावा. ज्या नाटककारांनी केवळ गाण्यांचाच विचार केला, त्यांची नाटके गाणारा नट गेला की मेली. देवलांची मात्र जगली.

1885 साली अण्णासाहेब अकाली निवर्तले. 'रामराज्यवियोग' अपुरेच राहिले. किर्लोस्कर मंडळीपुढे नव्या नाटकांचा प्रश्न उभा राहिला आणि तो भार शिष्याने उचलला. शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'चे त्यांनी केलेले रूपांतर अतिशय लोकप्रिय झाले. कालिदासाच्या 'विक्रमोर्वशीया'लाही त्यांनी हात घातला. परंतु ही दोन्ही मुळात नाटकेच होती. अंक पाडलेले, संवाद लिहिलेले, पात्रांचे जाणे-येणे ठरलेले. भाषा बदलावयाची, पदे घालावयाची आणि आजच्या प्रेक्षकास न मानवणारे गाळावयाचे, एवढे काम होते. तेही सोपे नव्हे. पण 'कादंबरी'चे प्रकरण अगदी निराळे.

बाणभट्ट हा सातव्या शतकातील सम्राट हर्षवर्धनाच्या सभेतील पंडित. 'कादंबरी' पुरी होण्यापूर्वीच त्याचा अंत झाला आणि उत्तरभाग त्याचा पुत्र भूषणभट्ट याने लिहिला. या ग्रंथाची कीर्ती त्यातील वर्णनांसाठी आहे. वनाचे, सरोवराचे, नगरीचे, पोपटांनी गजबजलेल्या एका शाल्मली वृक्षाचे वर्णन सुरू झाले की वाक्यास अंत नाही. समासामागून समास, श्लेषामागून श्लेष आणि क्रियापद पाहावे तो पान उलटलेले. संस्कृत घेतलेल्या पिढ्यानपिढ्यांच्या विद्यार्थ्यांनी शुकनासाने राजपुत्रास केलेला उपदेश तेवढा पाठ केला आणि बाकीच्या ग्रंथास दुरूनच नमस्कार केला. अशा ग्रंथाचे नाटक करावयाचे म्हणजे ज्या गुणासाठी तो नावाजला तो गुणच प्रथम बाजूस ठेवावयाचा. रंगभूमीवर सरोवराचे वर्णन चालत नाही. तेथे सरोवराचा पडदा टांगला की काम झाले.

दुसरी अडचण कथनाची. विदिशेच्या शूद्रक राजाच्या दरबारात एक चांडाळकन्या पोपट घेऊन येते. तो पोपट आपली हकीकत सांगतो. त्या हकीकतीत जाबाली ऋषी त्यास पूर्वजन्मीची कथा सांगतात. त्या कथेत उज्जयिनीचा राजपुत्र चंद्रापीड अच्छोद सरोवराच्या काठी वीणेवर गाणाऱ्या महाश्वेता नावाच्या तपस्विनीस भेटतो आणि ती त्यास स्वतःची कहाणी सांगते. म्हणजे पेटीत पेटी, तीत आणखी पेटी आणि मूळ दागिना सर्वांत आतल्या पेटीत. वाचकाने मागे पाने उलटून पाहावे. प्रेक्षकाने काय करावे? रंगभूमीस निवेदन सोसत नाही, तिला घडणारी गोष्ट हवी असते.

तिसरी अडचण सर्वांत बिकट. महाश्वेतेचे पुंडरीक नावाच्या ऋषिकुमारावर प्रेम जडते. पुंडरीक विरहाने प्राण सोडतो आणि मरताना, आपल्याला जाळणाऱ्या चंद्रास शाप देतो की, जन्मोजन्मी तुलाही ही व्यथा भोगावी लागो. चंद्र उलट शाप देतो. त्यामुळे चंद्र हा चंद्रापीड म्हणून आणि त्यापुढे शूद्रक म्हणून जन्मतो. पुंडरीक हा चंद्रापीडाचा मित्र वैशंपायन होतो, आणि त्यापुढे तोच पोपट. पुंडरीकाचा सखा कपिंजल आणखी कोणाच्या शापाने घोडा होतो. एकच जीव आणि तीन देह! कागदावर हे वाचताना मौज वाटते. पण रंगभूमीवर नटास एकच तोंड असते. पुंडरीकाचे व वैशंपायनाचे काम एकाच नटास द्यावे तर रहस्य पडदा उघडताच फुटते. दोघांस द्यावे तर हाच तो, हे प्रेक्षकाच्या अंतःकरणास पटत नाही.

मग इतक्या अडचणींच्या ग्रंथास गोविंदरावांनी हात का घातला? त्याचे उत्तर नाटकाच्या नावातच सापडते असे आम्हांस वाटते. बाणाने ग्रंथास नायिकेचे नाव दिले. गोविंदरावांनी ते सोडले. महाश्वेतेचेही नाव दिले नाही. त्यांनी नाव दिले 'शापसंभ्रम'. वर्णने, उपमा, श्लेष, तीन जन्मांचा पसारा या सर्वांतून त्यांच्या नाटककाराच्या नजरेने एकच गोष्ट नेमकी टिपली. शापांनी झालेला घोटाळा हाच या कथेचा प्राण आहे.

मूळ कथेतील एक प्रसंग येथे सांगितल्याखेरीज राहवत नाही. चंद्रापीडाचा मित्र वैशंपायन अच्छोद सरोवरापाशी येतो. त्या जागेची त्यास काही ओळख नाही, पण पाय निघत नाही. काहीतरी हरवले आहे आणि ते येथेच आहे, अशा भ्रमात तो वेड्यासारखा हिंडतो. तपश्चर्येस बसलेल्या महाश्वेतेस पाहताच तो तिच्याकडे ओढला जातो आणि प्रेमाची याचना करू लागतो. ती पुंडरीकाच्या पुनर्भेटीच्या आशेवर वल्कले नेसून दिवस कंठीत असलेली स्त्री. परपुरुषाचे हे धाष्टर्य पाहून ती संतापते आणि पोपटासारखे बडबडतोस तर पोपटच हो, असा शाप देते. तो तत्क्षणी गतप्राण होतो. जिच्यासाठी तो पुन्हा जन्मास आला, तिनेच त्यास ओळखले नाही. ज्याच्यासाठी ती देह झिजवीत होती, त्यालाच तिने स्वतःच्या मुखाने शाप दिला. मित्राच्या मरणाची वार्ता ऐकून चंद्रापीडाचे हृदय फुटते आणि त्यास भेटण्यास आलेल्या कादंबरीच्या पदरी त्याचे निश्चेष्ट शरीर येते. ग्रीकांच्या शोकनाट्यांचा मोठा गौरव केला जातो. त्यांतला कोणता प्रसंग याहून तीव्र आहे, हे जाणकारांनी सांगावे. कथा पुढे सुखान्त होते, मृत जिवंत होतात, दोन्ही जोडपी एकत्र येतात. पण हा मधला घाव काही बुजत नाही.

असा प्रसंग हाती असल्यावर संगीताची गरज वेगळी शोधावी लागत नाही. महाश्वेता आणि कादंबरी या गंधर्वकन्या. गाणे हा त्यांचा कुलधर्म. महाश्वेतेचे प्रथम दर्शनच शिवालयात वीणा घेऊन गाताना होते. बाणाने जे पानेच्या पाने लिहून साधले ते भूपाळी, भैरवी यांसारख्या सुरांनी दोन घटकांत साधण्याची सोय संगीत नाटकात होती. आमच्या समजुतीप्रमाणे कादंबरीचे नाटक करताना गाण्याचा खरा उपयोग हाच. पुस्तकात लेखक मध्येच येऊन पात्राच्या मनातले सांगतो. नाटकात लेखकास प्रवेश नाही, त्याची जागा पद घेते. पात्र स्वतःच्या तोंडाने जे बोलून दाखविणार नाही ते ते गाऊन दाखविते आणि प्रेक्षकास त्यात अस्वाभाविक काही वाटत नाही. नाटकाच्या छापील पुस्तकांत पदाच्या डोक्यावर 'चाल' म्हणून एखाद्या परिचित गाण्याचा निर्देश असे. त्यामुळे सातव्या शतकातील गंधर्वकन्येचे दुःख प्रेक्षकाच्या कानास पहिल्याच रात्री ओळखीचे वाटे.

खरे सांगावयाचे तर 'शापसंभ्रम' हे 'मृच्छकटिक' किंवा 'शारदा' यांच्याइतके यशस्वी झाले नाही. किर्लोस्कर मंडळीने ते केले, लोकांस त्यातील पदे आवडली. परंतु ते प्रेक्षकांच्या घरचे होऊन बसले नाही. इतक्या जन्मांचा व शापांचा गुंता अंकांत कोंबला की प्रेक्षकाची दमछाक व्हावयाचीच. आम्ही त्यास निर्दोष नाटक म्हणणार नाही. परंतु यशस्वी नाटकांवरून नाटककाराचे कसब कळते, आणि अर्धवट यश मिळालेल्या नाटकावरून त्याची उडी कळते.

गोविंदरावांवर एक जुना आक्षेप आहे. सर्व नाटकांत स्वतंत्र असे एकच, ते म्हणजे 'शारदा'. बाकीची सगळी उसनी. हा आक्षेप आम्ही सुशिक्षितांच्या तोंडूनही ऐकला आहे आणि त्याचा येथे थोडा समाचार घेणे प्राप्त आहे. 'झुंझारराव' शेक्सपिअरवरून घेतले हे खरे. पण शेक्सपिअरने 'ऑथेल्लो'ची कथा सिंथिओ नावाच्या इटालियन लेखकाच्या गोष्टीवरून घेतली. 'दुर्गा' हे गॅरिकच्या 'इझाबेला' या नाटकावरून घेतले. गॅरिकने ते सदर्नच्या 1694 सालच्या नाटकावरून घेतले आणि सदर्नने आफ्रा बेन या लेखिकेच्या गोष्टीवरून. 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' हे मर्फीच्या इंग्रजी नाटकावरून, आणि मर्फीचे मोलिएरच्या फ्रेंच नाटकावरून. 'मृच्छकटिका'चेही तेच. भासाचे 'चारुदत्त' विसाव्या शतकात उजेडात आले, तेव्हा शूद्रकाने त्यावर आपले नाटक बेतले असावे असे पंडितांस दिसून आले. आणि ज्या बाणभट्टापुढे सारे नतमस्तक होतात त्याने तरी 'कादंबरी'ची कथा कोठून आणली? गुणाढ्याच्या 'बृहत्कथे'तून. सोमदेवाच्या 'कथासरित्सागरा'त सुमना राजाच्या गोष्टीत ती आजही वाचावयास मिळते. मग बाणभट्टास उसनवार म्हणण्याची छाती कोणाची आहे काय? वाङ्मयात विहीर कोणी खणली याला महत्त्व आहेच. पण तहानलेल्याच्या ओंजळीपर्यंत पाणी कोणी पोहोचविले, यालाही ते आहे.

आणखी एक गोष्ट आमच्या ध्यानी आली. गोविंदरावांनी वेचलेली मूळ नाटके व ग्रंथ एकमेकांपासून किती दूर! एक सातव्या शतकातील संस्कृत प्रबंध, एक लंडनचे शोकनाट्य, एक पॅरिसचे प्रहसन. तरी त्यांत एक सूत्र आहे. 'इझाबेला'त पती मेला असे समजून नायिका दुसरा विवाह करते आणि पती परत येतो. 'मृच्छकटिका'त वसंतसेना चुकीच्या गाडीत बसते आणि तिच्या खुनाचा आळ तिच्या प्रियकरावरच येतो. 'ऑथेल्लो'त निष्पाप पत्नीचा वध संशयाने आंधळा झालेला पतीच करतो. महाश्वेता आपल्याच जिवलगास शाप देते. 'फाल्गुनराव'मध्ये एका तसबिरीवरून नवरा बायकोवर आणि बायको नवऱ्यावर वहीम घेते, आणि येथे मात्र आपण पोट धरून हसतो. सर्वत्र मनुष्य आपल्याच माणसास न ओळखल्यामुळे त्याचा घात करतो किंवा करू पाहतो. गोविंदरावांनी हे ठरवून केले असे आम्ही म्हणत नाही. पण मनुष्य हाती येईल ते उसने घेत नाही. आपल्या मनात आधीच जे घोळत असते त्याच्याशी जुळेल ते घेतो.

आणि हे ध्यानी आले म्हणजे 'शारदे'चे वेगळेपण अधिकच खुलते. 1899 च्या जानेवारीत इंदूर येथे किर्लोस्कर मंडळीने हे नाटक प्रथम केले. पैशाच्या लोभाने कांचनभट आपली कोवळी कन्या भुजंगनाथ या म्हाताऱ्यास द्यावयास निघतो. भद्रेश्वर दीक्षित मध्यस्थी करतो आणि कोदंड नावाचा तरुण त्याविरुद्ध उभा राहतो. हरिपुरास नदीकाठच्या पारावर बसून गोविंदरावांनी हे नाटक लिहिले, आणि आसपास घडलेला एक जरठविवाह त्यामागे होता, असे या भागात परंपरेने सांगतात. येथे शाप नाही, गैरसमज नाही, चुकीची गाडी नाही, तसबीर नाही. बापास मुलगी नीट ओळखू येते आहे. म्हाताऱ्यास आपले वय ठाऊक आहे. शेजारीपाजारी सारे पाहत आहेत. इतकी वर्षे अजाणता होणाऱ्या घाताच्या कथा मांडल्यावर या नाटककाराने एकदाच, आणि तेही परक्या कोणाच्या कथेचा आधार न घेता, उघड्या डोळ्यांनी होणारा घात मांडला. तो गंधर्वलोकात नव्हे, उज्जयिनीत नव्हे, आपल्याच ओसरीवर. म्हणूनच ते नाटक पाहताना बायकांच्या डोळ्यांस पदर लागले आणि पुरुषांच्या माना खाली गेल्या. कन्येबद्दल पैसे घेण्याची चाल, वधूवरांच्या वयांतील अंतर, मुलीस न विचारता तिचा सौदा करणे, या गोष्टींवर समाजाच्या परिषदांतून ठरावांमागून ठराव झाले. पण त्या ठरावांनी जे झाले नाही त्यातले बरेचसे या एका नाटकाने केले, असे म्हणण्यास आम्हांस संकोच वाटत नाही.

जाता जाता एक भ्रम दूर करू. 1929 साली बालविवाहास प्रतिबंध करणारा जो कायदा झाला, तो 'सारडा कायदा' म्हणून ओळखला जातो. या नावाचा आपल्या शारदेशी संबंध असावा असे पुष्कळांस वाटते. तसे नाही. अजमेरचे हरबिलास सारडा यांनी तो मांडला, म्हणून ते नाव. परंतु महाराष्ट्रात त्या कायद्यास अनुकूल झालेल्या मनांची मशागत तीस वर्षे आधी कोणी केली होती, हे वेगळे सांगावयास नको.

'शारदे'तील भाषेविषयी एक शब्द लिहिला पाहिजे. ती इतकी साधी आहे की लेखकाने काही केले आहे असे वाटतच नाही. वल्लरी आणि तिच्या मैत्रिणी बोलतात तशा कृष्णेच्या घाटावर मुली बोलत असतील, असे वाटावे. आमचा तर्क असा की, हा साधेपणा 'कादंबरी'शी झुंज घेतल्यामुळे आला. बाणाचे पानभर लांबीचे वाक्य नटाच्या एका श्वासात बसविण्याचा ज्याने प्रयत्न केला, त्यास शब्द किती टाकून देता येतात हे कळले असलेच पाहिजे. 'शापसंभ्रम' 1893 चे आणि 'शारदा' 1899 ची. मधल्या काळात हातातला जडपणा गळून गेला.

पुढील आयुष्यात गोविंदरावांनी नवी नाटके लिहिली नाहीत, पण रंगभूमी सोडली नाही. तालीममास्तर म्हणून त्यांचा लौकिक मोठा होता. शब्द स्पष्ट उच्चारावा, अभिनय गळ्यात नव्हे तर अर्थात असावा, असा त्यांचा कटाक्ष असे. 1913 साली बालगंधर्व, गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. या नव्या मंडळीसही त्यांच्या शिकवणीचा लाभ झाला. येथेच त्यांनी शेवटचे काम हाती घेतले. 1893 साली, म्हणजे 'शापसंभ्रमा'च्याच वर्षी लिहिलेले गद्य 'फाल्गुनराव' त्यांनी पुन्हा बाहेर काढले आणि त्यात पदे घालून 'संगीत संशयकल्लोळ' सिद्ध केले. फाल्गुनराव, अश्विनशेठ, भादव्या, कृत्तिका, रेवती अशी महिन्यांची आणि नक्षत्रांची नावे पात्रांस देऊन त्यांनी मोलिएरच्या फ्रेंच जोडप्यास अस्सल मराठी पंचांगात बसवून टाकले आहे! साठीच्या उंबरठ्यावरही त्यांची थट्टेखोर वृत्ती ताजी होती, याचा यापरता पुरावा कोणता?

त्या नाटकाचा प्रयोग पाहणे मात्र त्यांच्या नशिबी नव्हते. 14 जून 1916 रोजी त्यांचे देहावसान झाले. त्याच वर्षी 20 ऑक्टोबर रोजी गंधर्व नाटक मंडळीने 'संशयकल्लोळ'चा पहिला प्रयोग केला. बोडसांनी फाल्गुनराव उभा केला, बालगंधर्वांनी रेवती. ज्यांनी या मंडळीस तालमी दिल्या ते गोविंदराव चार महिन्यांपूर्वीच पडद्याआड गेले होते.